मावळतीपूर्वीची डॅन्यूब

जर्मनीच्या आग्नेय कोपऱ्यात, ऑस्ट्रियाच्या सीमेला खेटून, पासाऊ नावाचे लहानसे शहर आहे. तेथे तीन नद्या एकमेकींना भेटतात. आल्प्समधील हिमनद्यांचे पाणी घेऊन येणारी हिरवट इन, बव्हेरियाच्या अरण्यातील दलदलीतून काळसर होऊन आलेली चिमुकली इल्झ आणि पश्चिमेकडून संथपणे येणारी डॅन्यूब. संगमाच्या टोकावर उभे राहिले की तिन्ही पाणी काही अंतर शेजारी-शेजारी, न मिसळता वाहताना दिसते. वर्षाची सरासरी काढली तर इन नदीच येथे डॅन्यूबपेक्षा थोडे अधिक पाणी आणते. पुढच्या प्रवाहाला नाव मात्र डॅन्यूबचेच राहते. अशी उदाहरणे माणसांच्या कुटुंबांतही असतात.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सांगलीचे एक जैन दांपत्य या टोकावर उभे होते. सहकारी साखर कारखान्याच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले अण्णा ६६ वर्षांचे. कन्याशाळेत ३० वर्षे भूगोल शिकवलेल्या काकी त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. युरोपात सर्वाधिक देशांना स्पर्श करून जाणारी नदी कोणती, हा प्रश्न काकींनी किती तुकड्यांना घातला असेल याची गणती नाही. डॅन्यूब, दहा देश, सुमारे २८५० किलोमीटर, उगम ब्लॅक फॉरेस्टमध्ये, मुख काळ्या समुद्राला. उत्तर त्यांना पाठ होते. नदी मात्र त्या प्रथमच पाहत होत्या, आणि पाहताच त्यांनी ती नृसिंहवाडीच्या कृष्णा-पंचगंगेशी ताडून पाहिली.

पासाऊच्या नगरभवनाच्या भिंतीवर महापुरांच्या खुणा कोरलेल्या आहेत. सन १५०१ ची खूण सर्वांत वर. तिच्याखाली २०१३ ची, जेव्हा पाणी १२.८९ मीटरवर पोहोचले होते. इतर प्रवासी त्या भिंतीपुढे उभे राहून छायाचित्रे काढत होते. काकी तेथे बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या घराच्या तळमजल्यात कृष्णा शिरली होती आणि ३० वर्षांच्या नकाशांचा लगदा झाला होता. आयर्विन पुलावरची फुटांची आकडेवारी दर तासाला कानांवर पडत असे, ते दिवस ज्याने काढले आहेत, त्याला परक्या गावाची पूररेषाही परकी वाटत नाही.

या प्रवासासाठी अण्णांनी एक मुदत ठेव मोडली होती. लग्नाला ४० वर्षे झाली त्याचे निमित्त. पुण्याच्या मुलीने कार्यक्रम ठरवून दिला: पासाऊहून जहाजाने बुडापेस्टपर्यंत, तेथून आगगाडीने मागे व्हिएन्नाला, आणि व्हिएन्नात चार दिवस मुक्काम. चातुर्मास लागण्यापूर्वी घरी परतायचे ही काकींची अट होती. दुसरी अट न बोलता सर्वांना ठाऊक होती. काकींचा रात्रिभोजनत्याग लग्नाआधीपासूनचा आहे. कंदमूळ नाही, पाणी गाळल्याशिवाय नाही. अण्णांचे तसे काही नव्हते. गळीत हंगामात ते रात्री दहाला घरी येत आणि झाकून ठेवलेले ताट उघडून एकटेच जेवत. चाळीस वर्षे या घरात दोन वेळांना दोन जेवणे झाली आणि त्यावरून कधी शब्दाने शब्द वाढला नाही.

निघण्यापूर्वी काकींच्या मनात एकच शंका होती. तिकडे उन्हाळ्यात सूर्य नऊ वाजता मावळतो. मग व्रत घड्याळाचे पाळायचे की सूर्याचे? मंदिरातील स्वाध्यायात ज्येष्ठांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘बाई, व्रत सूर्याचं. जिथं असाल तिथला सूर्य.’ काकींनी एका लहान वहीत रोजच्या सूर्यास्ताची वेळ टिपायचे ठरवले. जेवण दोन घटका आधी, म्हणजे ४८ मिनिटे आधी, संपवायचे. सांगलीत जूनमध्ये सातच्या सुमारास दिवस मावळतो, तेव्हा त्यांचे जेवण सव्वासहाच्या आत उरकलेले असते. पासाऊला सूर्य मावळला तो नऊ वाजून दहा मिनिटांनी. सात वाजता जहाजावरच्या भोजनगृहात जेवणाची घंटा झाली तेव्हा खिडकीतून ऊन थेट ताटांवर पडले होते. ज्या व्रताची धास्ती घेऊन निघाले, तेच येथे सर्वांत सोपे निघाले.

अण्णांनी आहाराची यादी इंग्रजीत टंकलिखित करून आधीच पाठवली होती. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, अंडे, मध, मासे, मांस. यादी स्वयंपाकघरात भिंतीवर लावलेली होती आणि ती शब्दशः पाळली गेली. पहिल्या रात्री, म्हणजे पहिल्या लख्ख संध्याकाळी, काकींपुढे टोमॅटो आणि तुळशीच्या जातीच्या पाल्याचा पास्ता आला. त्यावर किसलेल्या चीजची पांढरी भुकटी होती. काकींना तो फार आवडला. त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतला, आणि हे त्यांच्या बाबतीत क्वचित घडते.

जेवणानंतर दोघे वरच्या डेकवर गेले. पासाऊपासून थोड्या अंतरावर योखेनश्टाइन येथे नदीवर धरण आहे. त्याच्या मध्यातून जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांची सीमा जाते. जहाज एका अरुंद काँक्रीटच्या कोठीत शिरले, मागचे दार बंद झाले आणि पाणी खाली जाऊ लागले. भिंती ओल्या, शेवाळलेल्या, हळूहळू उंच होत गेल्या. दहाएक मीटर खाली उतरल्यावर पुढचे दार उघडले आणि जहाज जणू काही झालेच नाही असे चालू लागले. पासाऊपासून बुडापेस्टपर्यंत पाण्याच्या अशा ११ पायऱ्या उतराव्या लागतात. पहिली पायरी सर्वांनी पाहिली, दुसरी निम्म्यांनी, चौथीच्या वेळी डेकवर हे दोघेच होते.

अण्णांना आणखी एका गोष्टीचे नवल वाटले. काठावर किलोमीटरचे फलक आहेत आणि ते उलटे धावतात. कित्येक नद्या उगमाकडून मोजतात. डॅन्यूब मुखापासून मोजली जाते. पासाऊला २२२६, मेल्कला २०३६, बुडापेस्टला १६४७. पुढे जावे तसा आकडा कमी होत जातो. ‘शिल्लक दाखवणारी नदी आहे ही,’ ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज लिंझला लागले. लिंझ पोलादाचे शहर. जुना चौक देखणा आहे, आणि बहुतेक प्रवासी तेथून बसने दुसरीकडेच निघून जातात. काकी एका गटाबरोबर चौक पाहायला गेल्या. अण्णा गुडघ्याच्या निमित्ताने थांबले आणि संध्याकाळचे पदार्थपत्र वाचू लागले. त्यात ‘पार्मेसान’ हा शब्द होता. तो त्यांनी मुलीच्या तोंडून कधीतरी ऐकला होता, आणि चांगल्या संदर्भात ऐकला नव्हता. त्यांनी भोजनगृहाच्या प्रमुखाला बोलावून विचारले. तो मनुष्य सभ्य होता आणि त्याने आडपडदा न ठेवता सांगितले. दूध फाडण्यासाठी जे रेनेट वापरतात, ते दूध पिणाऱ्या वासराच्या जठरातून काढतात. पार्मेसानला तर नियमानेच दुसरे काही चालत नाही. कालच्या पास्त्यावर तेच होते. तुमच्या यादीत चीज नव्हते, एवढेच तो म्हणाला, आणि ते खरे होते.

आपल्याकडे पाकिटात मिळणारे चीज बहुधा सूक्ष्मजीवांपासून बनवलेल्या रेनेटचे असते आणि त्यावर हिरवा ठिपका असतो. त्या ठिपक्याची सवय झालेल्या डोळ्यांना युरोपात हे सुचत नाही. युरोपात ‘शाकाहारी’ या शब्दात मांस नाही एवढेच बहुतेकांना अभिप्रेत असते. कित्येक जुन्या, नामांकित चीजांत वासराचे रेनेट असते. मिठाईत आणि मलईच्या पदार्थांत जिलेटिन असू शकते, आणि तेही प्राण्यांच्या कातडी-हाडांतून येते. परदेशी निघणाऱ्या वाचकांनी आपल्या यादीत हे दोन शब्द अवश्य लिहावेत. अण्णांनी त्याच ठिकाणी यादी मागवून घेतली, त्यांत ते दोन शब्द आपल्या हस्ताक्षरात भरले आणि खाली सही केली.

काकी परतल्या तेव्हा त्यांच्या हातात लिंझचा नकाशा होता आणि चेहऱ्यावर समाधान होते. अण्णांनी काही सांगितले नाही. सांगून काय होणार, जे झाले ते अजाणता झाले, चाळीस वर्षांनी एकदा आलेला प्रवास कशाला नासवायचा, असा हिशेब त्यांनी मांडला. संध्याकाळी पास्ता आला तो कोरडा. काकींनी वाढणाऱ्याकडे पाहिले, मग अण्णांकडे पाहिले. ‘आज ती भुकटी नाही का?’ त्यांनी विचारले. ‘संपली असेल,’ अण्णा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मेल्क आले. नदीकाठच्या खडकावर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचा प्रचंड ख्रिस्ती मठ आहे. बेनेडिक्टच्या पंथाचे साधू तेथे १०८९ पासून अखंड राहत आले आहेत. आजची भव्य वास्तू अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली, याकोब प्रांडटाउअर या स्थपतीने आखलेली. मठाची स्वतःची शाळा आहे आणि तीत शेकडो मुले शिकतात. चर्चमधील सोन्याची झळाळी डोळ्यांना जरा जडच जाते. ज्यांच्या मनात दिगंबर मूर्तीची निराभरण शांतता भरलेली आहे, त्यांना तेथे देव कोठे आणि दागिना कोठे हे कळायला वेळ लागतो. ग्रंथालयात मात्र दोघेही रमले. लाकडी नक्षीच्या कपाटांत छतापर्यंत लावलेले, एकसारख्या बांधणीचे ग्रंथ. एकूण संग्रह सुमारे एक लाखाचा. छपाई येण्यापूर्वी साधूंनी हाताने उतरवून काढलेल्या पोथ्याही त्यांत आहेत. काकींना मूडबिद्रीच्या ताडपत्रांची आठवण झाली. शास्त्र उतरवून जतन करणे हे पुण्य आहे, असे मानणारे लोक दोन्हीकडे होते म्हणून दोन्हीकडचे शिल्लक राहिले.

मठाच्या दुकानात संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात घालून दिलेल्या नियमांचे इंग्रजी पुस्तक मिळते. लहान, ७३ प्रकरणांचे. काकींनी ते विकत घेतले आणि गच्चीवरच्या बाकावर बसून मधूनच उघडून वाचू लागल्या. थोड्या वेळाने त्यांनी अण्णांना दंडाला धरून जवळ बसवले. एका प्रकरणात जेवणाच्या वेळा सांगितल्या होत्या. जेवताना दिव्याची गरज पडू नये, वर्षाच्या कोणत्याही काळात सगळे दिवसाच्या उजेडातच आटोपेल अशी वेळ नेमावी, असा त्याचा आशय होता. त्याआधीच्या एका प्रकरणात, अतिशय दुबळे आजारी सोडून बाकी सर्वांनी चार पायांच्या प्राण्यांचे मांस पूर्ण वर्ज्य करावे असेही होते.

काकींना झालेला आनंद लपत नव्हता. अर्थात त्या भूगोलाच्या शिक्षिका होत्या. साम्य दिसले म्हणून एकरूपता मानणाऱ्या नव्हत्या. मासे चालतात, द्राक्षाचे मद्य ठरलेल्या मापाने चालते, आणि उजेडाचा नियम जीवहिंसेच्या विचारातून नव्हे तर संयमाच्या आणि शिस्तीच्या विचारातून आलेला दिसतो, हे त्यांनीच बोलून दाखवले. तरीही दीड हजार वर्षांपूर्वी, युरोपात, कोणीतरी साधूंना म्हणाला की अंधारात जेवू नका. ‘यांनाही सुचलं होतं बघा,’ त्या म्हणाल्या. ‘आणि लिहून ठेवलं, म्हणून पाळलं गेलं.’

अण्णांना ते सहन झाले नाही. त्यांनी तेथेच, त्या बाकावर, सांगून टाकले.

काकींनी पुस्तक मिटले. काही वेळ त्या खाली नदीकडे पाहत राहिल्या. मग विचारले, ‘कधी कळलं तुम्हाला?’

‘काल सकाळी. लिंझला.’

‘म्हणजे काल संध्याकाळी मी विचारलं, तेव्हा तुम्हाला माहीत होतं.’

अण्णा गप्प राहिले.

‘मी अजाणता खाल्लं, त्याला प्रायश्चित्त आहे. ते मी घेईन, त्याचं एवढं काही नाही,’ काकी म्हणाल्या. ‘पण व्रत माझं आहे हो. ते मोडलं की राहिलं, हे मला न सांगता तुम्ही कसं ठरवलंत?’

मेल्कपासून क्रेम्सपर्यंतचा सुमारे ३५ किलोमीटरचा टप्पा म्हणजे वाखाउ खोरे. डॅन्यूबच्या सबंध प्रवासातील हा सर्वांत सुंदर भाग मानतात, आणि २००० पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. येथे धरण नाही. नदी आपल्या वेगाने वाहते. दोन्ही काठांना दगडी बांधांच्या पायऱ्यांवर द्राक्षमळे, त्यांच्या पायथ्याशी जर्दाळूच्या बागा. जूनमध्ये फळे अजून हिरवी असतात, तोड जुलैत होते. ड्युर्नश्टाइनच्या कड्यावर पडका किल्ला आहे. इंग्लंडचा राजा रिचर्ड धर्मयुद्धावरून परतताना ११९२ साली पकडला जाऊन तेथे कैदेत होता. किल्ल्याखाली चर्चचा निळा-पांढरा मनोरा अगदी पाण्यापाशी उभा आहे. सगळे जहाज त्या बाजूला लोटले. काकी आपल्या खुर्चीवर, दुसऱ्या काठाकडे तोंड करून बसल्या होत्या. अण्णांच्या भ्रमणध्वनीत त्या दिवसाची २० छायाचित्रे आहेत. एकातही काकी नाहीत.

चौथ्या दिवशी जहाज व्हिएन्नाला लागले. काकींनी उपवास केला. बाकीचे प्रवासी राजवाडे पाहायला गेले. व्हिएन्नात पुढे चार दिवस राहायचेच होते, म्हणून हे दोघे जहाजावरच थांबले. अण्णांना मधुमेहाच्या गोळ्या आहेत, उपवास झेपत नाही. त्यांनी एकाशन केले, एक वेळ जेवून बाकी दिवस पाण्यावर काढला. त्यांनी ते आपणहून केले आणि काकींनी ते पाहिले. दोघांत त्याविषयी बोलणे झाले नाही. दुपारभर समोरून मालवाहू तराफे जात होते, काठाने सायकली जात होत्या. योहान श्ट्राउसने १८६७ साली या नदीला निळी म्हणून जगभर प्रसिद्ध केले. त्या दिवशी तरी ती राखाडी-हिरवी होती. नऊला तीन मिनिटे असताना सूर्य मावळला. काकींनी वहीत नोंद केली. नोंद करताना त्यांच्या लक्षात आले की घड्याळ तेच असूनही पासाऊपेक्षा सूर्य १३ मिनिटे लवकर गेला. जहाज पूर्वेला चालले होते. ‘बुडापेस्टला आणखी लवकर मावळेल,’ त्या म्हणाल्या. मेल्कनंतर त्यांनी अण्णांना आपणहून सांगितलेली ही पहिली गोष्ट.

व्हिएन्नाच्या पूर्वेला हाइनबुर्ग येथे आणखी एक धरण व्हायचे होते. १९८४ च्या डिसेंबरात हजारो लोक कडाक्याच्या थंडीत तेथील पूररानात ठाण मांडून बसले आणि ते धरण रद्द झाले. पुढे १९९६ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. ब्रातिस्लाव्हा ओलांडले की उलट दृश्य दिसते. गाबचिकोवो येथे नदीचे बरेचसे पाणी एका रुंद, सरळ, निर्जीव कालव्यात वळवले आहे. १९७७ साली हंगेरी आणि तेव्हाचे चेकोस्लोव्हाकिया यांनी जोडधरणांचा करार केला, हंगेरीने १९८९ साली काम थांबवले, १९९२ साली पलीकडच्यांनी नदी वळवली, आणि प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. १९९७ साली निकाल लागला तो दोघांनीही करार मोडल्याचा. अलमट्टीच्या उंचीवरून दोन राज्यांत चाललेला वाद वर्तमानपत्रांत वाचत आयुष्य गेलेल्या सांगलीकराला हे सर्व समजायला नकाशाही लागत नाही.

बुडापेस्टचे पहिले दर्शन सर्वांनाच थक्क करते. बुडा, ओबुडा आणि पेस्ट अशी तीन गावे १८७३ साली एक झाली. डोंगरावर बुडा, सपाटीवर पेस्ट, मध्ये नदी आणि नदीवर १८४९ चा साखळीपूल. काठावरच्या संसदभवनाचा घुमट ९६ मीटर उंच आहे. हंगेरियन लोक या प्रदेशात आले ते ८९६ साली, असे मानतात, म्हणून ९६.

संसदेपासून थोड्या अंतरावर, अगदी पाण्याच्या कडेला, काकींना जोडे दिसले. पुरुषांचे, बायकांचे, एक-दोन लहान मुलांचे, नदीकडे टोके करून ओळीने ठेवलेले. मंदिराबाहेर असतात तसे. कोणी आंघोळीला उतरले आहे की काय, असे त्यांना क्षणभर वाटले. जवळ गेल्यावर ते लोखंडाचे निघाले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात येथील नाझीधार्जिण्या सशस्त्र टोळ्यांनी ज्यू नागरिकांना या काठावर आणून उभे केले, पायांतले जोडे काढायला लावले, कारण जोड्यांना किंमत होती, आणि गोळ्या घालून नदीत पाडले. ६० जोड्यांचे हे स्मारक २००५ साली झाले. काकींनी आपली पायताणे काढून बाजूला ठेवली आणि दगडावर उभ्या राहून णमोकार म्हटला. अण्णांनी वाकून बूट काढले. गुडघा दुखत होता, बराच वेळ लागला. परत घालताना त्यांना काकींच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला, आणि तो त्यांना मिळाला.

त्या संध्याकाळी सूर्य आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी मावळला.

आगगाडीने पावणेतीन तासांच्या आत बुडापेस्टहून व्हिएन्ना गाठता येते. जहाजाने जे दोन दिवसांत केले, ते एका वर्तमानपत्राच्या वाचनात संपले. मुक्काम एका लहान निवासिकेत होता, तेथे स्वतःचे स्वयंपाकघर होते. काकींनी पहिल्या सकाळी पेटीतून मुगाची डाळ, तांदूळ आणि पाणी गाळायचे पांढरे फडके काढले. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्समधील झऱ्यांचे पाणी येते. १८७३ पासून ते केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत वाहत येते आणि शहरवासीयांना त्याचा सार्थ अभिमान आहे. काकींनी ते चाखून पाहिले, उत्तम आहे म्हणाल्या, आणि गाळून घेतले. फडके धरायला अण्णा उभे राहिले.

शहराविषयी प्रवासवर्णनांतून पुष्कळ लिहिले गेले आहे. १८५७ साली सम्राट फ्रान्झ योझेफने तटबंदी पाडायचा हुकूम दिला आणि तिच्या जागी जो वर्तुळाकार राजरस्ता झाला, त्यावरून ट्रामने एक फेरी मारली की निम्मे व्हिएन्ना पाहून होते. पण जैन वाचकाने तेथील विद्यापीठात अवश्य जावे. गेओर्ग ब्यूलर हे जर्मन पंडित १८६३ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्राच्यभाषांचे प्राध्यापक म्हणून आले. पुढे शिक्षणखात्यात असताना त्यांनी गुजरात-राजस्थानातील जैन ग्रंथभांडारे धुंडाळली. जैसलमेरच्या शोधात हेर्मान याकोबी त्यांच्याबरोबर होते. १८८० साली ब्यूलर युरोपात परतले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे १८९८ पर्यंत, व्हिएन्नाच्या विद्यापीठात शिकवत राहिले.

जैन धर्म ही बौद्ध धर्माची एक शाखा आहे, असे त्या काळी युरोपातील मोठमोठे विद्वान मानत. याकोबींनी १८७९ साली कल्पसूत्राच्या प्रस्तावनेत ते मत खोडून काढले. तरी आक्षेप उरला की जैनांच्या परंपरेचा पुरावा जैनांच्याच पोथ्यांत आहे. ब्यूलरांनी काय केले, तर मथुरेला सापडलेले सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख घेतले, त्यांतील गण, कुल आणि शाखा यांची नावे वाचली आणि ती कल्पसूत्रातील स्थविरांच्या यादीशी एकेक करून ताडली. नावे जुळली. पोथीत लिहिलेले दगडात निघाले. १८८७ साली व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीपुढे त्यांनी जैन संप्रदायावर व्याख्यान दिले, ते पुढे इंग्रजीतही आले.

राजरस्त्यावरची विद्यापीठाची इमारत १८८४ ची आहे. आतल्या चौकात कमानींखाली थोर प्राध्यापकांचे अर्धपुतळे आहेत आणि मध्ये हिरवळीवर मुले आडवी पसरून वाचत असतात. दोघे तेथे तासभर बसले. अण्णांना ब्यूलरांची रीत मनापासून पटली. दोन वेगळ्या हातांनी, दोन वेगळ्या जागी ठेवलेल्या वह्या एकमेकींशी जुळल्या, की मग लेखापरीक्षकाला शंका घ्यायला जागा राहत नाही. ‘आणि एकाच घरातल्या दोन वह्या जुळत नसल्या तर?’ काकींनी विचारले. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिले. त्या हसत नव्हत्या, पण रागातही नव्हत्या.

‘चुकलं माझं,’ अण्णा म्हणाले. मेल्कपासूनच्या दिवसांत हे शब्द त्यांनी प्रथमच उच्चारले. सकाळ-संध्याकाळच्या प्रतिक्रमणात काकी जगातल्या सर्व जीवांची क्षमा मागतात आणि सर्वांना क्षमा करतात. समोरच्या एका माणसाला करायला जरा जास्त वेळ लागतो. ‘बरं,’ त्या म्हणाल्या. ‘चला, कॉफी घेऊ.’

व्हिएन्नाच्या कॉफीगृहांत एका पेल्यावर दिवसभर बसले तरी कोणी उठवत नाही. कॉफीबरोबर रुप्याच्या तबकात पाण्याचा पेला येतो आणि लाकडी दांडीला अडकवलेली वर्तमानपत्रे वाचायला मिळतात. काचेच्या कपाटात केकांच्या ओळी होत्या. काकींनी त्यांतील जर्दाळूच्या एका पदार्थाकडे बोट केले आणि अण्णांना म्हणाल्या, ‘विचारून या.’

अण्णा गेले. काचेच्या त्या बाजूला उभ्या असलेल्या तरुणीशी त्यांचे बराच वेळ बोलणे चालले. ती आत जाऊन आली, पुन्हा गेली, कोणालातरी बाहेर घेऊन आली. अण्णा खिशातून कागद काढून लिहीत होते. परत आले तेव्हा त्यांच्या हातात केक नव्हता, कागद होता.

‘पिठात अंडी आहेत,’ त्यांनी वाचायला सुरुवात केली. ‘वरचा जो चकचकीत थर आहे, त्यात जिलेटिन. बाजूच्यातही जिलेटिन. तो तिसरा आहे, त्यात जिलेटिन नाही, पण अंडी आहेत. मलईत काही नाही, असं ती म्हणते. पण आचारी सुट्टीवर आहे, खात्री देता येत नाही, असंही म्हणते.’

‘म्हणजे काहीच नको.’

‘काहीच नको. पण लिहून आणलंय सगळं.’

काकींनी तो कागद घेऊन सूर्यास्ताच्या वहीत ठेवला. बाहेर संध्याकाळ झाली होती आणि ऊन अजून समोरच्या घरांच्या दुसऱ्या मजल्यावर होते. बुडापेस्टहून मागे पश्चिमेला आल्यामुळे सूर्य पुन्हा नऊपर्यंत थांबणार होता. खिचडीला अर्धा तास पुरला असता. दोघेही निघाले. त्या दिवशीही अण्णा काकींबरोबरच जेवणार होते.